तीन पावत्या, एक भिंत

१

चोरी झाली ती एका मोत्याची. डबीत दोन होते. एक गेला आणि दुसरा जसाच्या तसा राहिला.

हे मला त्या घरच्या सूनबाईंनी आमच्या काउंटरवर सांगितलं, तेही मी न विचारता. आमचं दुकान हार्डवेअरचं. खिळे-स्क्रू विकतो, आणि ड्रिल, शिडी अशी मोठी अवजारं भाड्याने देतो. दुकान दिराचं, काउंटर माझं. काउंटरवर माणूस आला की तो अवजार मागतो आणि घरातलं दुखणं सांगतो. दुखणं ऐकायचं वेगळं भाडं आम्ही लावत नाही.

"ताई, भिंतीत घालून बघायचा तो कॅमेरा असतो ना, वायरच्या टोकाला डोळा असलेला? तो हवाय."

"कशासाठी?"

हा माझा भोचकपणा नव्हे. या कॅमेऱ्याचं चष्म्यासारखं आहे, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. भोक केवढं, आत किती खोल, कोरडं की ओलं, समोर बघायचं की वळून, एवढं कळल्याशिवाय मी तो कुणाच्या हातात देत नाही.

"ओल आलीये हो. सासऱ्यांची खोली आणि न्हाणीघर, मधल्या भिंतीला. हा एवढा तपकिरी डाग. प्लंबर म्हणतो पाइप ठणठणीत आहे."

"हात लावून बघितलात? गार लागते का भिंत?"

"कोमट लागते. आणि मुंग्यांची रांग तर विचारू नका! रविवारी दहाला औषधवाला येतोय, भिंतीला भोकं पाडून विष भरणार आहे. म्हटलं, त्याआधी आत बघून घ्यावं."

मग आवाज खाली आला. "आधीच घरात एक नाटक चालू आहे. सासूबाईंच्या कानातले मोती होते, सासऱ्यांच्या कपाटात. त्यांतला एक गेला. त्या खोलीत जातं कोण? सासऱ्यांना सांभाळणाऱ्या मावशी. यांनी त्यांना सांगितलंय, रविवारपर्यंत मोती टेबलावर ठेवा, नाहीतर बॅग भरा."

"पण चोर जोडीतला एकच मोती कशाला नेईल?"

"पोचलेली बाई आहे. दोन्ही गेले असते तर त्याच दिवशी कळलं असतं ना!"

कॅमेरे शनिवारी संध्याकाळपर्यंत बाहेर गेलेले, म्हणून मी रविवारची नोंद केली आणि पावतीवर पत्ता लिहून घेतला. तो लिहिताना माझा हात थांबला. हे तर चष्मेवाल्यांचं घर.

माझा चाळिशीचा चष्मा त्यांनीच केलेला. स्वतः भिंग घासून. फ्रेममध्ये त्यांनी एकच भिंग बसवलं, माझ्या नाकावर ठेवलं आणि म्हणाले, "आधी एक. बसलं, पटलं, की दुसरं. दोन्ही एकदम कधी देत नाही मी." एका डोळ्याने जग स्वच्छ, एका डोळ्याने धुरकट, अशी मी पंधरा मिनिटं त्यांच्या दुकानाबाहेर फिरले होते. समोरच्या झाडाला सुटी सुटी पानं असतात हे मला त्या दिवशी कळलं.

२

त्याच दुपारी एक गृहस्थ आले. शर्टाला एवढी कडक इस्त्री की बसले तर मोडतील असं वाटावं.

"इन्स्पेक्शन कॅमेरा. सर्वांत लांब वायरचा."

"वायर मऊ देऊ की ताठ? ताठ असली की वळवाल तशी राहते. मऊ असली की पाइपातून सुळकन जाते."

"ताठ. स्विचबोर्डाच्या मागे बघायचंय. भिंत तापते आणि आतून गुणगुण येते. मला वाटतं, वायर जळतेय."

"मेन स्विच बंद करून बघितलात?"

"बघितलं ना. तरी आवाज चालूच. इलेक्ट्रिशियन माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी वडिलांकडे बघतो."

त्यांचीही नोंद रविवारचीच केली. पावतीवर पत्ता सांगितला, तर तोच. म्हणजे हे चष्मेवाल्यांचे चिरंजीव आणि सकाळच्या सूनबाईंचे यजमान. मी चेहरा कोरा ठेवला. तो गुण काउंटर शिकवतं.

"आणि घरी बोलू नका," ते म्हणाले, "ही घाबरेल."

"वडिलांना त्रास होत नाही आवाजाचा?"

"त्रास?" ते हसले, पण हसू अर्ध्यात विरलं. "बाबा भिंतीला कान लावून बसतात. आई आत आहे म्हणतात. आई शिवणाला बसली की गुणगुणायची, त्यामुळे... गेल्या महिन्यात चष्मा फ्रीजमध्ये ठेवला. नळ उघडा टाकला. अजून एक असला प्रकार झाला, की त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलंय. अर्ज आणलाय. त्यांच्याच खोलीत आहे, टेबलाच्या खणात. माझी भरायची हिंमत होत नाहीये."

वळता वळता बाही काउंटरच्या कडेला घासली, तिथली इस्त्री मोडली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

३

शनिवारी संध्याकाळी कॅमेरे परत आले. ते पुसून डब्यांत ठेवत होते, तेवढ्यात एक ठेंगणीशी बाई आत शिरली. पिशवी पोटाशी धरलेली, जणू कुणी हिसकावून घेणार आहे.

"ताई, सगळ्यात बारीक कॅमेरा कोणता? आत्ता मिळेल?"

"भोक केवढं आहे?"

तिने करंगळी दाखवली. "पलंगाशी आहे. पूर्वी बाबांची घंटा होती, तिच्या वायरचं."

बाबा. पलंग. घंटा. हात माझे काम करत राहिले, कान उभे झाले.

"बघायचंच आहे की काही काढायचंय? याच्या टोकाला लोहचुंबक लागतो, नाहीतर आकडा."

"आकडाच. चुंबकाला नाही चिकटायचं ते."

"आत खोल आहे का?"

"हातभर. पण याचा दिवा बारीक होतो का हो? उगाच कुणाची झोपमोड नको."

भिंतीत कुणाची झोप? मी वर बघितलं. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट फुगून लाल झालं होतं.

"बोटाला काय झालं?"

"सुई टोचली."

"सुईने एवढं सुजतं?"

तिने बोट पदराआड नेलं. मी पावतीपुस्तक उघडलं. "पत्ता?"

तिने पत्ता सांगितला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं दार लागल्यावर माणूस दाराकडे बघतं.

मी आधीच्या दोन पावत्या काढल्या आणि तिसरीशेजारी मांडल्या. गल्ल्यावरून दीर ओरडले, "काय वहिनी, पत्ते मांडलेत? कुणाला राणी आली?"

"भाऊजी, तुम्ही खिळे मोजा."

एक म्हणे ओल, एक म्हणे वीज, आणि तिसरीला आतल्या कुणाची झोपमोड नको. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट लहानपणी ऐकली होती. आज हत्ती माझ्या काउंटरवर येऊन उभा राहिला होता. भिंतीत काय आहे हे मला उमगलं, तसं मी हातातलं पेन खाली ठेवलं. पण ते नंतर. आधी समोरची बाई.

"मावशी," मी हळूच म्हटलं, "मोती भिंतीत आहे. आणि तो तुम्ही टाकलेला नाही."

ती मटकन रंगाच्या डब्यावर बसली.

४

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एकाच मोत्याने. चोर जोडी नेतो. हरवलं तर डबीच हरवते. एक द्यायचा आणि एक राखून ठेवायचा, असं सबंध आयुष्य एकाच माणसाने केलंय. मी त्यांचाच चष्मा लावून बसलेय."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मागच्या आठवड्यात, शुक्रवारी, मी दूध घेऊन आत गेले. बाबांनी मोती भोकात सोडला. मला म्हणाले, 'आधी एक. बसला तर ती सांगेल, मग दुसरा देऊ.' आणि कान लावून बसले. अजून बसलेत, ताई. आठ दिवस झाले. ती सांगेल म्हणून."

"मग हे तुम्ही त्या दोघांना का नाही सांगितलंत? चोर म्हणवून घेताय?"

"सांगितलं की मी सुटले. आणि बाबा?" तिने पदराने नाक पुसलं. "अर्ज खणात आहे. मला दुसरं घर मिळेल हो. त्यांना दुसरी भिंत कुठून मिळेल? एकदा तिकडे दोन दिवस ठेवून बघितलं होतं, तर घास घेतला नाही. इथे भिंत गुणगुणली की जेवतात."

"म्हणून स्वतःच गुपचूप मोती काढून टेबलावर ठेवणार होता."

"कपाटाखाली सापडला म्हणणार होते. ताई, तुमच्या पाया पडते. कुणाला सांगू नका."

कोडं सुटलं की मजा येते असं म्हणतात. मला मजा आली नाही. बोलले तर म्हातारा घराबाहेर, नाही बोलले तर ही. आणि दोघंही वाचले, तरी सकाळी दहाला विष येणार होतं.

"बोट सुजवणारं जे आहे," मी विचारलं, "ते तुम्ही बघितलंत?"

"एकच आलं होतं काल, भोकातून. बाबांच्या चादरीवर. मी अलगद उचलायला गेले. मग भोकात कापूस घातला. बाकीच्यांना माहीत नाही. कळलं असतं तर कधीच मारून टाकलं असतं."

मी कॅमेऱ्याचा डबा तिला दिला नाही. स्वतःकडेच ठेवला.

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "पण दाखवणार आहे."

मावशीने पिशवी आणखी घट्ट पोटाशी धरली.

५

रविवारी नऊला मी डबा घेऊन त्या घरापुढे उभी राहिले. घंटा वाजवण्याआधी बाजूच्या बोळात गेले आणि मान वर केली. वरच्या खिडकीच्या खाली, खोलीची मधली भिंत बाहेरच्या भिंतीला मिळत असणार तिथे, बोटभर चीर. तिच्या तोंडाशी उन्हात सोनेरी ठिपके येत होते, जात होते. वाकडंतिकडं उडणं नाही, धक्काबुक्की नाही. सकाळची शाळा भरावी तशी शिस्त. या घरातली माणसं रोज या बोळातून कचरा टाकायला जात असणार, खाली बघत.

दार सूनबाईंनी उघडलं. "अहो, मीच येणार होते!"

"तीन पावत्या एकाच पत्त्याच्या झाल्या, म्हणून म्हटलं आपणच यावं."

"तीन?" सूनबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या, नवरा माझ्याकडे आणि मावशी जमिनीकडे. पाठीवर विषाची टाकी अडकवलेला औषधवाला वेळेआधीच येऊन बसला होता. तो आपला चहाकडे बघत राहिला.

चष्मेवाले पलंगावर होते. वाळून काटकी झालेले, पण चष्मा लखलखीत. कान भिंतीला. त्यांनी मला ओळखलं नाही, माझ्या चष्म्याला ओळखलं. "दीड नंबर," ते पुटपुटले. "आता बदलायला हवा."

"बघा," मी घरच्यांना म्हटलं. "डाग आहे, पण भिंत कोमट. पाण्याची ओल गार लागते. मुंग्या ओलीला रांग लावत नाहीत, गोडाला लावतात. वीज म्हणावी, तर मेन बंद करूनही आवाज थांबत नाही. मग आत असं काय आहे, जे गोड आहे, गरम आहे आणि गुणगुणतं?"

औषधवाल्याने कप खाली ठेवला.

मी बारीक वायरचा, स्वतःचा पडदा असलेला कॅमेरा घेतला, दिवा मंद केला. आकडा लावला नाही. भोकातला कापूस काढला, डोळा आत सरकवला. पडदा बाबांना दिसेल असा पलंगावर टेकवला.

पडद्यावर नुसता पिवळा धूर. मी वायर पुढे ढकलली, तर आणखी धूर.

"बिघडलाय," मुलगा म्हणाला.

"नाही बिघडला." आवाज पलंगावरून आला. बाबा पडद्यावर वाकले होते. "चाळिशी लागलीय याला. जवळचं दिसत नाही. दोन बोटं मागे घ्या."

मी दोन बोटं मागे घेतली.

आणि भिंत उघडली.

मी पुष्कळ भिंतींच्या आत बघितलंय. गंज, घुशी, गवंड्याने विसरलेली विडी. हे तसलं नव्हतं. विटांच्या दोन थरांमधल्या पोकळीत वरून खाली पडद्यासारखी मधमाश्यांची पोळी लोंबत होती, एकामागे एक. मधाची झाकलेली घरं दिव्याच्या उजेडात आतूनच पेटल्यासारखी. त्यांच्यावर हजारो माश्या, सगळ्या हलत होत्या आणि सगळ्या मिळून जणू एकच जीव श्वास घेत होता. काही एकमेकींचे पाय धरून साखळीने लटकल्या होत्या, खाली अजून काहीच नसलेल्या जागेत, जिथे पुढचं पोळं होणार होतं तिथलं जणू माप धरून. ना गवंडी, ना ओळंबा, ना आरडाओरडा. आणि हे सगळं उशीपासून हातभर अंतरावर, इतके दिवस.

एक माशी कॅमेऱ्यापाशी आली. तिचं तोंड पडदाभर झालं. बाबांनी श्वास रोखला.

"डोळा बघ," ते मुलाला म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्याला उद्देशून बोलले असावेत, कारण तो दचकला. "एकेका डोळ्यात हजारो भिंगं. मी जन्मभरात एवढी नाही घासली. कुणी घासली असतील रे?"

औषधवाला कधी उठून मागे उभा राहिला कळलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली होती.

"थांबा," बाबा म्हणाले. "खाली डावीकडे."

मी वायर वळवली. भोकाच्या बरोब्बर खाली, पोळ्याच्या काठावर, मोती होता. माश्यांना तो हलवता आला नसणार. मग त्यांनी जे करायचं तेच केलं होतं. झाडांचा चीक आणून भोवताली तपकिरी कडं लिंपलं होतं, घट्ट, गोल, कुठे फट नाही. अर्धा मोती झाकला होता, अर्धा उजेडात. फ्रेममध्ये भिंग बसवावं तसा.

बाबांनी मान मागे टेकली. इतके दिवस ताणलेलं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं.

"बसला," ते म्हणाले.

खोलीत नुसती गुणगुण राहिली. मुलगा मोत्याकडे बघत होता, मग भोकाकडे, मग बापाच्या बोटांकडे. त्याला सगळं कळत गेलं आणि मावशीने डोळे मिटून घेतले.

"बाबा, तुम्ही टाकलात हा?"

"तुझ्या आईला दिला."

"आणि मावशी, तुम्हाला हे माहीत होतं?"

मावशीने मान डोलावली. मग एकदम धीर करून म्हणाली, "दादा, त्यांना आवाज आला तो खोटा नव्हता. इलेक्ट्रिशियन आला, प्लंबर आला. भिंत काय म्हणतेय हे ऐकायला बसले ते एकटे बाबाच."

मुलाने पलंगावर गुडघा टेकून भिंतीला कान लावला. चुन्याची पांढरी भुकटी कडक शर्टाच्या खांद्यावर सांडत राहिली. बराच वेळ. इतका, की सूनबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कान काढला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "शिवणावरची," तो म्हणाला. "दोरा तोडायच्या आधी करायची तशी."

तो मावशीकडे वळला, हात जोडले. मावशीच म्हणाली, "राहू दे, दादा. चहा गार झाला सगळ्यांचा."

"साहेब," औषधवाला टाकीचा पट्टा आवळत म्हणाला, "मी मुंग्या मारतो. झुरळं मारतो. हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"आणि डाग?" मी सूनबाईंना विचारलं.

"कपाट सरकवू की पुढे," त्या म्हणाल्या. त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "एवढ्याशा मेल्या... आणि मी प्लंबरला दोनदा बोलावलं!"

मी वायर हळूहळू बाहेर काढली. पडदा काळा झाला, तशी एखाद्या भव्य सभागृहातून बाहेर आल्यासारखी खोली लहान वाटायला लागली. मुलगा कपाटाकडे गेला, डबी आणली आणि उरलेला मोती बापाच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, दुसरा."

चष्मेवाल्यांनी तो उजेडाला धरला, फिरवून बघितला, तपासल्याशिवाय माल न देणाऱ्या कारागिरासारखा. मग भोकाशी नेऊन सोडला. आतून टिक् असा बारीक आवाज आला, आणि गुणगुण किंचित वर चढून पुन्हा आपल्या जागी आली.

"आता भोक बुजवा कुणीतरी," मी म्हटलं. "नाहीतर चादरीवर पाहुण्या येतील. कापूस कुठाय?"

कापूस पायांखाली गेला होता. सूनबाईंनी टेबलाचा खण ओढला, हाताला लागला तो कागद घेतला, नवऱ्याकडे एकदा बघितलं. त्याने मान डोलावली. त्यांनी कागद फाडला, चांगला चुरगाळला आणि बोळा करून भोकात बसवला. घट्ट बसला.

बाहेर राहिलेल्या टोकावर छापील अक्षरं दिसत होती: "प्रवेशासाठी अ". पुढचं भिंतीत गेलं होतं.